चेहरा विसरता यावा म्हणून

माझी भाची दोन वर्षांपासून बडोद्यात माझ्याकडे राहते. नोकरी इथल्याच एका औषधांच्या कंपनीत, आई-वडील सांगलीला. मागच्या नोव्हेंबरात एका रविवारी चहा पिता पिता ती म्हणाली, "मावशी, शनिवारी माझ्याबरोबर येशील का? मला पील करून घ्यायचंय."

'पील' हा शब्द तिनं 'बिल' म्हणावं इतक्या सहज उच्चारला. मराठीत आपण बटाटा सोलतो, ऊस सोलतो. माणसाची कातडी सोलायची भाषा येते ती फक्त धमकीत. "चेहरा सोलून घ्यायला जातेय" असं मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि चहा खाली ठेवला. तिला विशीत मुरमांनी छळलं होतं. मुरूम गेले, गालांवर आणि हनुवटीवर तपकिरी डाग आणि काही उथळ खड्डे राहिले. मी विचारलं, आईला नेत नाहीस का? (ताई पुढच्या आठवड्यात येणारच होती.) म्हणाली, "आई आली तर डॉक्टरांशी फक्त रंगाचंच बोलेल."

मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते. या विषयावर मला मत असणार हे गृहीत धरलं जातं आणि ते कोणतं असणार हेही. म्हणूनच मी लगेच हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. शनिवारपर्यंत माझ्याकडे सहा दिवस होते.

आधी प्रकार काय आहे ते नीट समजून घेतलं. चेहऱ्यावर आम्ल लावतात, ठरावीक वेळ ठेवतात, त्वचेचा वरचा थर सैल होतो, तीन-चार दिवसांनी पापुद्रे सुटतात आणि खालून नवी त्वचा येते. आम्लं बहुतेक घरातल्या ओळखीची निघाली. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात असतं, बाजारातलं मात्र कारखान्यात बनतं. लॅक्टिक म्हणजे दह्यातलं. सॅलिसिलिकचं नाव विलोच्या झाडावरून पडलं, कारण त्याच्या सालीतल्या द्रव्यापासून ते प्रथम मिळालं; म्हणजे झाडाच्या सालीतलं आम्ल माणसाची साल काढतं. आमची आजी साय, डाळीचं पीठ आणि लिंबू चेहऱ्याला लावायची तेव्हा तीही याच वंशातली होती. युरोपात एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाचे त्वचावैद्य फर्डिनंड फॉन हेब्रा चेहऱ्यावरच्या डागांवर असे उपचार करत होते. १८८२ साली हॅम्बुर्गच्या पाउल उन्ना यांनी सॅलिसिलिक, रिसॉर्सिनॉल, फिनॉल, ट्रायक्लोरोॲसिटिक या द्रव्यांचं त्वचेवर काय होतं ते लिहून ठेवलं. आजही दवाखान्यातल्या बाटल्यांवर बहुतेक हीच नावं दिसतात. सगळी सौम्य नाहीत. फिनॉल म्हणजे पूर्वी जखमा धुवायला वापरायचे ते कार्बोलिक. त्याची खोल साल काढताना ते रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून मॉनिटर लावूनच करतात. ट्रायक्लोरोॲसिटिक लावलं की त्वचेतली प्रथिनं गोठून चेहरा पांढरा पडतो. डॉक्टर त्याला 'फ्रॉस्ट' म्हणतात, दंव. किती पांढरा झाला यावरून आम्ल किती खोल गेलं ते ओळखतात.

या वाचनात एका गोष्टीपाशी मी थांबले. रंग तयार करणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी बसलेल्या असतात, आणि त्यांची संख्या गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंगद्रव्य बनवतात, त्याचे कण केवढे आणि ते वरच्या पेशींत कसे वाटले जातात यात. साल वरची जाते. कारखाना तळघरात असतो, तो चालूच राहतो. डाग फिके होऊ शकतात, जन्माचा रंग जात नाही. आणि बाह्यत्वचा सुमारे महिन्याभरात तशीही आपण होऊन नवी होत असते. म्हणजे पील स्वतः खोटं बोलत नाही. खोटं बोललं जातं ते त्याच्या आजूबाजूला.

हे वाचून मला हायसं वाटलं, कारण वर्गात शिकवते तशी एक स्वच्छ रेघ हाताशी आली: दुरुस्ती आणि सुधारणा. आजारानं, अपघातानं जे बिघडलं ते पूर्ववत करणं म्हणजे दुरुस्ती, त्यात काही गैर नाही. जे बिघडलेलंच नव्हतं ते दुसऱ्यांच्या पसंतीसाठी बदलणं म्हणजे सुधारणा, तिथे प्रश्न विचारायला हवेत. मुरमांचे डाग पहिल्या खात्यात, सावळा रंग दुसऱ्या. भाचीचं काम पहिल्या खात्यातलं. चला, मिटलं.

मिटलं नव्हतं. बाटली एकच आहे. आणि खातं कोण ठरवतं? बाळंतपणानंतर गालांवर वांग येतो तो आजार की आईपणाची खूण? आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईच्या कपाळावरचा काळवंडा बिघाड म्हणायचा की उन्हाचा हिशोब? माझ्या आजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, पाणी पडून गेलेल्या वाळूसारखे. त्यांच्या पिढीत असे चेहरे गल्लोगल्ली होते. सरकारी कागदावर ओळखीची खूण म्हणून तेच लिहिलं जायचं. आजोबांना कुणी कुरूप म्हटल्याचं मला आठवत नाही; देवी येऊन गेली आणि माणूस उरला, एवढाच त्याचा अर्थ. पण त्यांच्या धाकट्या बहिणीच्या चेहऱ्यावरही तेच वण होते आणि तिला बिजवराला दिली. तेच वण, तोच रोग, तेच घर. दुरुस्ती कुणाला लागते हे त्वचा सांगत नाही. ते समोर बसलेली माणसं ठरवतात.

भारतात देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ साली सापडला. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. आणि त्याच वर्षी हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते यावरून त्वचेचे प्रकार पाडले, जे आज प्रत्येक पीलच्या आधी पाहिले जातात. मूळ यादीत फक्त गोऱ्या त्वचेचे प्रकार होते. आपण, म्हणजे तपकिरी आणि काळी माणसं, पाचवे-सहावे म्हणून नंतर जोडले गेलो. या तीन गोष्टींचा आपापसांत काही संबंध नाही. तरी एका शिक्षिकेला असं वाटून जातं की चेहऱ्यावरून एक दैवत उठलं आणि जागा रिकामी राहिली नाही. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. दवाखान्यांच्या पाट्यांवरही आता गोरं करून देऊ असं कुणी लिहीत नाही. ग्लो, ब्राइट, इव्हन टोन. शब्द पापुद्र्यासारखा सुटला, खालून नवा आला.

आपल्या भाषांना या बाबतीत कधीच शब्दांची कमतरता नव्हती. मराठीत निमगोरा आहे, गव्हाळ आहे, काळासावळा आहे. गुजरातीत घउंवर्णी, हिंदीत गेहुआँ, तमिळमध्ये मानिरम. बंगाली जाहिरातींतला 'उज्ज्वल श्यामवर्ण' तर मला फार आवडतो: काळं, पण दिवा लावलेलं. इंग्रजीत जो शब्द नव्हता तो आपण करून घातला, 'व्हीटिश'. लग्नाच्या बाजारात इतक्या भाषांनी मिळून गव्हाचं पीक काढलं आहे. पण मराठीतला सगळ्यात कडू वाक्प्रचार म्हणजे 'रंगानं डावी'. त्याच्या पाठोपाठ येतं 'पण नाकीडोळी नीटस'. या 'पण'मध्ये मुलीचं आयुष्य जातं. पंढरीच्या विठोबाचं उदाहरण इथे लोक हमखास देतात, की बघा, आमचा देव काळा. खरं आहे. पण त्याला आपण हाक मारतो पांडुरंग म्हणून, आणि पांडुर म्हणजे फिकट पांढरा. दह्यादुधाच्या शतकानुशतकांच्या अभिषेकांनी ती मूर्ती झिजू लागली, तेव्हा तिच्यावर एकाहून अधिक वेळा रासायनिक लेप द्यावा लागला. देवाचं राहू द्या. आमच्या घरात काळ्या मुलीकडे बघून लोक आधी रंगाबद्दल बोलत आणि मग हळूच आजोळ विचारत. त्या चौकशीत जात असायची, हे मला फार उशिरा कळलं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला सहा दिवस लागले.

१९९८ साली मी सत्तावीस वर्षांची होते आणि बडोद्यात नुकतीच नोकरीला लागले होते. पंधरा दिवसांनी पाहण्याचा कार्यक्रम ठरला होता, मंडळी नागपूरची. मी कुणाला न सांगता एका ब्यूटी पार्लरमध्ये गेले. तिथल्या बाईंनी मला काही विचारलं नाही. ब्रशनं काहीतरी लावलं आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेल्या. डावा गाल पेटला. मी हाक मारली तर आतूनच उत्तर आलं, "थोडं चुरचुरणारच, म्हणजे काम होतंय." मी पडून राहिले. यातलं मला आजही सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की मी उठून तोंड धुतलं नाही. मला ते पटलं होतं. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल ऐकून घेतलं, ते जायचं तर जळणारच, असं काहीतरी मनात होतं.

गाल सोलला गेला आणि त्या जागी रुपयाएवढा गडद तपकिरी डाग आला. आपल्यासारख्या त्वचेला इजा झाली, की तिथल्या रंगपेशी चवताळून जास्त रंग सोडतात. हे तेव्हा मला माहीत नव्हतं, त्या बाईंनाही नसावं. गोरं व्हायला गेले आणि तेवढीच जागा आणखी काळी झाली. डाग पूर्ण जायला दीड वर्ष लागलं. नागपूरची मंडळी आली, पोहे खाऊन गेली. घरी, कॉलेजात, सगळीकडे मी उन्हाची ॲलर्जी सांगितली. ताईलासुद्धा.

मला लाज डागाची वाटत नव्हती. डागानं एक चुगली केली होती: हिला गोरं व्हायचं होतं. आजूबाजूच्या प्रत्येकाला मी गोरी असते तर आवडलं असतं, पण तसा प्रयत्न करताना मी सापडले असते तर त्यातला प्रत्येक जण हसला असता. आणि माझ्या शहाण्या मैत्रिणी, ज्यांच्याबरोबर मी सौंदर्यस्पर्धांच्या विरोधात फलक धरून उभी राहिले होते, त्या हसल्या नसत्या, पण गप्प झाल्या असत्या. काळी आहे म्हणून एकदा आणि काळेपण मनाला लावून घेतलं म्हणून दुसऱ्यांदा, असा एकाच गोष्टीचा दंड दोनदा भरायचा. दुसरा दंड आम्ही शिकलेल्यांनी बसवला आहे.

म्हणून 'तिचं शरीर, तिची निवड' एवढं म्हणून मला सुटता येत नाही. ते खरं आहे. फक्त पुरत नाही. पार्लरमध्ये माझीही निवडच होती, मला कुणी ओढून नेलं नव्हतं. पण 'ती तर समाजाची बळी' असं म्हणणंही मला जमत नाही, कारण त्यात सत्तावीस वर्षांच्या त्या बाईच्या डोक्यात स्वतःचा एकही विचार नव्हता असं धरावं लागतं. विचार होता. तिनं हिशोब केला होता, आणि तिला मिळालेल्या आकड्यांवर तो हिशोब चुकीचाही नव्हता.

अडचण एकेकट्या निवडीत दिसत नाही, बेरजेत दिसते. लग्नातल्या आहेराचं घ्या. एकानं पाकिटात एकशे एक घातले, दुसऱ्यानं दोनशे एक, त्यात कुणाचं काही चुकलं नाही. सगळ्यांनी प्रेमानंच दिलं. पण दहा वर्षांनी दर पाचशे एकवर गेलेला असतो, आणि रिकाम्या हातानं आलेला माणूस, जो पूर्वी नुसता जेवून आशीर्वाद देऊन गेला असता, आता सगळ्यांना दिसतो. चेहऱ्यांचं तेच होतं आहे. एकेक पील निरपराध आहे. सगळी मिळून न सोललेल्या चेहऱ्याची किंमत पाडतात. दहा वर्षांपूर्वी मुरमांचे डाग असलेली मुलगी ही नुसती मुरमांचे डाग असलेली मुलगी होती. आज ती 'काही करून का घेत नाही' अशी मुलगी आहे.

या युक्तिवादावर मी बरीच वर्षं विसंबून होते. त्यातून निघतं ते असं, की कुणीतरी थांबायला हवं, दर चढवायचं नाकारायला हवं. मग त्या शुक्रवारी रात्री मला दिसलं, की हे कुणीतरी म्हणजे दर वेळी तीच असते. पुढच्या महिन्यात जिला कुणीतरी पाहायला येणार आहे ती, मीटिंगमध्ये जिचा चेहरा मोठ्या पडद्यावर येतो ती. उजळ, नितळ कातडीच्या माणसाला या लढ्यात काहीच टाकावं लागत नाही. तो भाषण देऊ शकतो. अन्याय ज्याच्यावर झाला त्यानंच लढाईचा खर्चही उचलावा, ही मागणी नीतीच्या नावानं करणं मला आता शक्य वाटत नाही. आणि मी कोण सांगणार? गेली अकरा वर्षं मी केसांना कलप लावते. पांढऱ्या केसांच्या प्राध्यापकाला विद्वान म्हणतात आणि प्राध्यापिकेला आजी, एवढंच माझं त्यावरचं तत्त्वज्ञान आहे.

शनिवारी गेलो. डॉक्टरबाई गुजराती, पन्नाशीच्या. त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. मुरमांच्या कुठल्या गोळ्या घेतल्यास आणि कधी बंद केल्यास? ओठांवर तापाची पुळी येते का? जखम झाली तर डाग राहतो का? उन्हात किती फिरतेस, सनस्क्रीन खरंच लावतेस की विकत घेऊन ठेवतेस? आठवड्याभरापूर्वीच त्यांनी तिच्या कानामागे थोडं लावून चाचणी घेतली होती, ती पाहिली. मग म्हणाल्या, "डाग बरेच फिके होतील. खड्डे यानं फार भरणार नाहीत. रंग बदलणार नाही. रंग बदलायचा असेल तर माझ्याकडे नका येऊ." आणि मग, जवळजवळ सहज, "का करायचंय?"

हा प्रश्न मी सहा दिवस विचारला नव्हता. मला उत्तर माहीत आहे असं मी धरून चालले होते.

भाची म्हणाली, "मला माझा चेहरा विसरता यायला हवा. मीटिंगमध्ये मी बोलत असते आणि अर्धं लक्ष कोपऱ्यातल्या माझ्याच चौकटीकडे असतं. सारखा हात गालावर जातो. मला सुंदर नाही व्हायचं. मला त्याचा कंटाळा आलाय."

दुरुस्ती आणि सुधारणेची माझी रेघ इथे कुठेच बसत नव्हती. ती वेगळंच काहीतरी मागत होती. निरोगी शरीर आपल्याला जाणवत नाही. दात दुखत नसतो तेव्हा दात नसतोच. तिला तिचा चेहरा तसा नसायला हवा होता. सावळ्या मुलींना, डाग असलेल्या मुलींना ही साधी चैन मिळत नाही, लोक सतत आठवण करून देतात. तेव्हा कदाचित विचारण्यासारखा प्रश्न हा आहे, की हा उपाय चेहरा विसरायला लावेल की आणखी पाहायला? मला खात्री नाही. एकदा आरशात शोधायला शिकलेला डोळा सहज थांबत नाही. डाग गेले की रंध्रं दिसू लागतात, रंध्रं गेली की डोळ्यांखालची वर्तुळं. चार बैठकांनी थांबणारी माणसं असतात आणि चाळीस झाल्या तरी न थांबणारीही. ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. पण तिच्या उत्तरात रंग नव्हता, कुणी पाहायला येणारं नव्हतं. १९९८ साली मला हा प्रश्न कुणी विचारला असता तर मी काय सांगितलं असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे.

ग्लायकोलिक, तीस टक्के. डॉक्टर स्वतः घड्याळ बघत उभ्या होत्या आणि सहायक सोड्याच्या द्रावणाचं भांडं हातात धरून. दोन मिनिटांनी गाल लालसर दिसताच त्यांनी ते आम्ल मारलं. भाचीनं माझा हात घट्ट धरला होता. का कोण जाणे, मीच जास्त घामाघूम झाले.

रात्री ताईचा फोन आला. "काही उजळली का गं?" मी म्हटलं, अजून लाल आहे, आठवड्यानं कळेल, डाग कमी होतील. "आणि रंग?" ताईचा स्वभाव वाईट नाही. तिला मुलीची काळजी आहे आणि जगाचे दर तिला पाठ आहेत. मी म्हटलं, "रंगाचं आता पुन्हा विचारू नकोस. मलाही नको आणि तिला तर अजिबात नको." ताई रागावली. "तुला मूल असतं तर कळलं असतं," म्हणाली आणि फोन ठेवला. चार दिवसांनी ती आली तेव्हा आम्ही दोघीही त्यावर बोललो नाही.

तीन आठवड्यांनी दुसरी बैठक झाली. तिथून रिक्षानं परतताना भाचीनं ओढणी चेहऱ्यावर घेतली होती. अलकापुरीच्या सिग्नलला थांबलो असताना म्हणाली, "आई सांगत होती, तुझ्याही गालावर एकदा मोठा डाग आला होता. उन्हाची ॲलर्जी."

मी तिला सांगितलं. पार्लर, फोन, चुरचुर, नागपूरची मंडळी, सगळं. सिग्नल सुटला, रिक्षा पुलावर चढून उतरली तरी ती काही बोलली नाही. मग ओढणी बाजूला करून म्हणाली, "आणि तरी तू मला जाऊ दिलंस?"

"ती दुसरी भांडं धरून उभी होती ना," मी म्हटलं. "ते बघायलाच आले होते."